उताराला इंजिन बंद

१० नोव्हेंबर. कि.मी. ३,११४

आज उदयसिंह गाडी दारात लावून परत सेलमला धंद्यावर गेला. लावून कसली, टाकून. जाताना किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "दादा, आठवड्यातनं दोन-तीनदा फिरवत जावा. नुसती हुबी राह्यली तर बॅटरी उतरती." मी थोरला, हा बारा वर्षांनी धाकटा. ह्याला सायकल शिकवली मी, सोनं गाळायच्या धंद्यात चुलत्याच्या हाताखाली घातला मी, आणि आता मी ह्याच्या गाडीचा ड्रायव्हर. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते काय खोटं नाही.

फौजेत प्रत्येक गाडीची कारडायरी असते. गाडी कधी काढली, किती चालली, काय खोट सापडली, खाली सही. ईएमईत अठ्ठावीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, सुभेदार होऊन घरी आलो, गॅरेज टाकलं, माझ्या एका डायरीत खाडाखोड नाही. ह्या गाडीचीही लिहिणार. खोट सापडेल ती लिहिणार आणि उदयच्या तोंडावर वाचून दाखवणार.

परदेशी कंपनीची गाडी. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, हवेवर चालणारं सस्पेन्शन, आणि पुस्तकात लिहिलंय, माइल्ड हायब्रीड. हायब्रीड म्हटलं की मला हायब्रीड जोंधळाच आठवतो. कणीस हे एवढं, दाणा टपोरा, आणि भाकरी खाल्ली की भुसा चघळल्यागत. तसली जात आता इंजिनात घातली. त्यात आणखी माइल्ड! सिगारेट आहे का ही?

१२ नोव्हेंबर. कि.मी. ३,१४९

रेवणगावचा घाट चढवून बघितला. खरं ते लिहितो. चढाला ताकद आहे. साध्या डिझेलला खालच्या आरपीएमला टर्बो जागा होईपर्यंत दम खावा लागतो, ही तसला दम खात नाही. पाय ठेवला की पाठीमागून कुणीतरी ढकलल्यासारखी निघते. अडीच टनाचं धूड, पण वळणावर अंग टाकत नाही. एवढं सोडलं तर बाकी सगळी नाटकं.

येताना विट्यात चौकात उसाच्या ट्रॅक्टरांनी वाट अडवली. ब्रेकवर उभा होतो तर गाडी बंद! पुस्तकात म्हणतात ही आपोआप थांबते आणि आपोआप चालू होते. ब्रेक सोडून बघितला, काही नाही. मग स्टार्टचं बटन दाबलं, तर होतं ते दिवेसुद्धा गेले. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा कुठं चालू झाली. मागनं लोक हात हलवत होते. नोंद : एका दाबात चालू होत नाही.

बायको, अंजना, शेजारी होती. म्हणाली, "आवं, पट्टा लावा की. कवाधरनं टिंगटिंग लावलीया त्यानं." मी म्हटलं, काय वाजत नाही, उगं काहीतरी काढू नकोस. पट्टा लावला तरी तोंड वाकडं. नोंद : पट्ट्याची घंटा वाजत नाही.

१५ नोव्हेंबर. गाडी उभी.

आज आटपाडीचा डाळिंबवाला पिकअप घेऊन आला. तीन गॅरेजं फिरून शेवटी माझ्याकडं. सगळे शेवटी माझ्याकडंच येतात. पलूसपासून आटपाडीपर्यंत कुणालाही विचारा, सुभेदार कानानं गाडी वळखतो. हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर, टोक इंजिनला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. पाच मिनिटांत सांगितलं, तिसरा इंजेक्टर. उघडलं तर तिसराच. ह्या आटपाडीकडच्या लोकांची बोलायची तऱ्हा मात्र अजब, अर्धं बोलणं हातवाऱ्यांनीच.

मग तोच स्क्रूड्रायव्हर घेऊन उदयच्या गाडीचं बॉनेट उघडलं. आत सगळीकडं काळ्या प्लास्टिकची झाकणं. झाकणाखाली फोम. टेकवायचा कुठं? ज्या इंजिनचा आवाज मेकॅनिकला ऐकू द्यायचा नाही, ते इंजिन काहीतरी लपवत असणार, हे माझं मत.

आणखी एक. अंजना म्हशीला पाणी दाखवायला गेली, म्हणाली तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी चुलीशेजारीच गाडीचं पुस्तक वाचत बसलो. एक शिट्टी झाली नाही. भात करपला. दिवाळीत आणलेला नवा कुकर! हल्ली कुठली वस्तू धड येत नाही. ती आली, पातेलं बघितलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. बाईमाणसानं बोलायचं तर सरळ बोलावं.

१९ नोव्हेंबर. कि.मी. ३,३०२

सांगलीला कंपनीच्या वर्कशॉपात गेलो. तिथं पाण्यासारखी चकचकीत फरशी, तेलाचा एक ठिपका नाही. असल्या जागी काय गाड्या दुरुस्त होणार? एक पोरगी समोर आली, चंदना, तिथली सर्व्हिस इंजिनिअर. सांगलीतल्याच जैन व्यापाऱ्याची मुलगी. माझ्या नोंदी वाचल्या आणि बोलायला लागली, तीही तोंडातल्या तोंडात. इंजिनिअर झाल्या, पण आवाज काढायला शिकवलं नाही कुणी. मी निम्मं तिच्या ओठांवरनंच समजून घेतलं.

ती म्हणाली, "काका, ह्यातली बॅटरी गाडी ओढत नाही. अठ्ठेचाळीस व्होल्टची लहान मोटर आहे, पट्ट्यानं इंजिनला जोडलेली. चढाला बैलगाडी अडली की आपण मागून हात लावतो ना, तेवढंच काम तिचं. उतारावर आणि ब्रेकवर तीच मोटर वीज गोळा करते. चौकात इंजिन थांबवते आणि परत चालू करते. जुन्या स्टार्टरसारखी खरखर नाही, म्हणून कळतसुद्धा नाही कधी थांबलं, कधी लागलं."

मी म्हटलं, "पोरी, तुला कळत नसंल. मला कळतं. चाळीस वर्षं झाली, मला इंजिनची जात आवाजावरनं कळती. ही चालता चालता बंद पडती."

तिनं फिरवून आणली. म्हणाली, कुठंही बंद पडली नाही. नाचता येईना अंगण वाकडं! खोट सापडली नाही म्हणून खोटच नाही म्हणायचं.

निघताना मी गाडीत बसलो तर ती काचेजवळ येऊन म्हणाली, "काका, इंजिन चालू आहे, परत बटन दाबू नका." मी आधीच दाबलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं ते मला आवडलं नाही.

२४ नोव्हेंबर. कि.मी. ३,५१०

आज डायरीत खाडाखोड होईल. अक्षर वाकडं येईल.

साताऱ्याला अंजनाच्या बहिणीकडं गेलो होतो. जेवण झाल्यावर वर यवतेश्वराला जाऊन आलो. दर्शन झालं, उतरायला लागलो. दुसऱ्या वळणानंतर पाय उचलला आणि इंजिन बंद. काही म्हणता काही आवाज नाही. उताराला इंजिन बंद म्हणजे मरण, रंगरुटाला पहिला धडा हाच देतात. मी स्वतः शेकडो पोरांना दिलाय. ताबडतोब चालू करणं भाग होतं, म्हणून बटन दाबलं. काही नाही. मग दाबूनच धरलं.

समोरचे सगळे दिवे एकदम लागले. स्टिअरिंग दगडासारखं झालं. ब्रेक दोनदा लागला, तिसऱ्यांदा पाय लाकडावर ठेवल्यागत. खालनं एसटी वर येत होती. अंजना माझा हात धरून ओरडत होती, तोंड हलत होतं, काय बोलत होती कोण जाणे. मी डाव्या बाजूचा कठडा धरला आणि हँडब्रेकचं बटन ओढून धरलं. गाडी कठड्याला घासून थांबली. पुढचं चाक दरीच्या काठापासून वीतभर. एसटीवाला आरशाला आरसा घासून गेला.

अंजनाचं कपाळ पुढं आदळलं, लिंबाएवढं टेंगूळ आलं. मी भ्यालो. फौजेत बर्फात गाड्या चालवल्या, पण असा कधी भ्यालो नाही. चाळीस वर्षांचा संसार शेजारच्या सीटवर होता आणि ह्या हायब्रीड अवलादीनं आम्हाला दरीत घातलं असतं.

अंजना परत गाडीत बसायला तयार होईना. साताऱ्यातनं एसटीनं आली. मी एकटा गाडी घेऊन आलो, तिसाच्या वर काटा जाऊ दिला नाही.

२५ नोव्हेंबर. गाडी उभी.

अंजना बोलत नाही. कपाळाला हळद लावून बसली आहे. दुपारी एकदाच म्हणाली, "आवं, एकदा दाखवून या. माझं ऐका."

म्हटलं, दाखवतोच. ओढत सांगलीला नेतो आणि दाखवतो त्यांना.

तर तिनं कपाळावर हात मारला, टेंगळावरच.

तात्याबाच्या हॉटेलात चहाला बसलो होतो. तात्याबा माझ्या वर्गातला, सगळ्या गावाच्या खबरा ह्याच्या कढईत तळल्या जातात. घाटातली गोष्ट त्याला आधीच कळली होती. म्हणाला, "सुभेदार, लोक म्हनत्यात, गाडी चांगली हाय, तुमालाच नव्या गाडीचं जमंना."

माझं टाळकं फिरलं. सगळ्यांसमोर सांगितलं, "कंपनीच्या मान्सांसमोर घाटात चालवून दावतो. बंद पडली न्हाई, तर माझा कान खोटा. ज्या दिशी माझा कान खोटा, त्या दिशी गॅरेजचा बोर्ड उतरवीन."

तात्याबा म्हणाला, "तुमचा कान का त्यांचा कॉम्प्युटर, बघू या गड्या."

हसला. हसू दे. ह्या कानावर मी घर बांधलं, पोरीचं लग्न केलं. कुणाच्या मेहरबानीवर नाही.

२८ नोव्हेंबर. कि.मी. ३,५८६. गाडी सांगलीत सोडली.

चंदनानं गाडीला वायर लावून सगळ्या नोंदी बाहेर काढल्या. म्हणते, गाडीच स्वतःची डायरी ठेवते. आणि त्या डायरीत काय लिहिलंय म्हणे? "गाडी स्वतःहून बंद पडल्याची एकही नोंद नाही काका. बटन दाबून चालतं इंजिन बंद केल्याच्या एकेचाळीस नोंदी आहेत. घाटातलीसुद्धा."

चोराच्या उलट्या बोंबा! मी तिला विचारलं, "म्हंजे मी माझ्या बायकोला दरीत ढकलायला बटन दाबलं, व्हय?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर येऊ दे. गाडीची डायरी गाडीनंच लिहायची, म्हणजे आरोपीनंच पंचनामा लिहायचा. मी आवाज चढवला, सगळं वर्कशॉप थांबलं. शेवटी ती म्हणाली, तुमच्या भावाला बोलवून घ्या, सगळे मिळून घाटात फिरू. एवढंच पाहिजे होतं.

उदयला फोन लावला. हा फोनवर कायम तोंडात बोलतो. तिकडं राहून मराठी विसरला. मी माझं सांगितलं आणि ठेवला.

४ डिसेंबर.

उदय आला. आल्या आल्या अंजनाच्या कपाळाकडं बघितलं आणि तिच्याशी आत जाऊन बराच वेळ बोलत बसला. बाहेर आला तेव्हा माझ्यासमोर बसून म्हणाला, "दादा, गाडी ऱ्हाऊ दे. इकून टाकतो. इषय सोडा."

म्हटलं, "का सोडू? गावासमोर बोललोय मी. तुझ्या पैशाची इज्जत जाती म्हनून माझी घालवू?"

तो म्हणाला, "तुमचीच राखायला बघतोय वो." हे मात्र स्पष्ट ऐकू आलं. माझी इज्जत हा राखणार! ह्यानं सोनं गाळलं म्हणून माणसं गाळता येत नाहीत. मी जेवणावरनं उठलो.

६ डिसेंबर. कि.मी. ३,६९१

परीक्षा झाली.

रेवणगावचा घाट. उदय चालवत होता, मी शेजारी, चंदना मागं लॅपटॉप घेऊन. ठरलं असं की इंजिन बंद पडलं की मी हात वर करायचा, ती नोंद करणार. दोनदा चढलो, दोनदा उतरलो. मी सात वेळा हात केला. एकदा तर भर चढाला बंद पडली होती आणि तरी वर जात होती, आता बोला. हायब्रीडच्या मोटरवर गेली असणार.

पहिल्यांदा हात केला तेव्हा चंदना काहीतरी म्हणाली. तिसऱ्यांदा उदयनं आरशातनं तिच्याकडं बघितलं. पाचव्यानंतर कुणी बोललंच नाही. खोट पकडली गेली की माणसांची वाचा अशीच बसते.

घाटमाथ्यावर ते दोघं खाली उतरले. झाडाखाली उभे राहून बोलत होते. उदय तिच्यापुढं हात जोडत होता. त्याच्या डोळ्यांना पाणी होतं. एवढी मोठी वस्तू खोटी निघाली की वाईट वाटणारच. क्षणभर मलाही वाटलं, पण मी उतरलो नाही.

परत आल्यावर चंदनानं मला गाडीशेजारी थांबवलं. म्हणाली, "काका, कामाचं कधी दाखवलंत का कुणाला?" म्हटलं, कामाचं काय दाखवायचं, गॅरेजवर बोर्ड आहे, बघून जा. ती मान खाली घालून गेली.

८ डिसेंबर.

जिंकलो!

चंदना स्वतः गावात येऊन कागद देऊन गेली. छापील, कंपनीचा शिक्का. "तक्रारदारांची तक्रार रास्त आहे. इंजिन नियंत्रणाचं सॉफ्टवेअर बदलून दिलं आहे. इंजिन आपोआप थांबण्याची सोय बंद केली आहे. यापुढे गाडी बंद पडणार नाही." खाली तिची सही.

कागद घेऊन तात्याबाच्या हॉटेलात गेलो आणि टेबलावर आपटला. "वाच," म्हटलं. तात्याबानं वाचला, घडी घातली, माझ्या खिशात ठेवला आणि चहा पाजला. पैसे घेतले नाहीत. एवढा बडबड्या माणूस, एक टोमणा मारला नाही. बाकीचेही उठून गेले. माझ्या विजयाचं कुणाला बघवत नाही गावात.

घरी येऊन अंजनाला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, "बघितलं." आणि भांडी घासत बसली. उदयनं किल्ली माझ्याकडनं काढून घेतली. म्हणाला, "मी हाय तवर मीच चालवतो दादा." हरला तरी ताठा बघा.

१३ डिसेंबर.

आज पलूसला पाहुण्यांकडं जायचं होतं. उदयनं गाडी अंगणातनं काढून फाटकाशी उभी केली, मला शेजारी बसवलं आणि मिठाईची पिशवी राहिली म्हणून आत गेला. मी बसलो होतो. इंजिन बंद पडलं.

कागदावर शिक्का मारून दिलेला, की यापुढं बंद पडणार नाही. आणि पाचव्या दिवशी बंद! मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हटलं, उदय येईस्तोवर बॉनेट उघडून ठेवतो, येऊन बघू दे स्वतःच्या डोळ्यांनी. खालची कळ ओढली, पुढं जाऊन बॉनेट वर केलं.

पुढच्या अंगाला, प्लास्टिकच्या झाकणाखाली बोटभर फट आहे. त्या फटीत पट्टा दिसतो.

पट्टा फिरत होता.

मी वाकून बघितलं. चष्मा पुसला आणि परत बघितलं. पट्टा सपासप फिरत होता, मोटरची कप्पी फिरत होती. झाकणावर तळवा ठेवला, तर तळव्याला थरथर. इंजिन व्यवस्थित चालू होतं, एका लयीत, एक ठोका चुकत नव्हता. आणि मला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं.

मागं वळलो तर उदय पिशवी घेऊन उभा. कधी आला कळलं नाही. त्यानं बॉनेट लावलं. मी म्हटलं, मला पलूसला यायचं नाही.

१४ डिसेंबर.

एकेचाळीस वेळा. चालू इंजिनचं बटन मीच दाबत होतो. यवतेश्वराच्या घाटात इंजिन मी बंद केलं. ब्रेक मी घालवला, स्टिअरिंग मी घालवलं. अंजना ओरडत होती ते बटन सोडा म्हणून ओरडत होती. ती गाडी नीट उतरत होती आणि मी माझ्या बायकोला मारत होतो.

सकाळी अंजनाला समोर बसवलं. विचारलं, "कवापासनं?"

ती माझ्या उजव्या कानाशी आली. "दोन वरसं झाली की. सगळ्यांस्नी ठावं हाय. गिऱ्हाईक हातवारे करून सांगत्यात ते कशापायी?"

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले की. कितींदा बोलले. तुमच्या रागापुढं कोण टिकंल वो? दाखवून या म्हटलं, तर तुमी गाडी दाखवायला निगाला."

मला तिच्यावर राग यायला पाहिजे होता. आला नाही. त्या पोरीवर आला. त्या दिवशी तिनं कानाचं विचारलं, मी कामाचं ऐकलं, तर परत न सांगता खोटा कागद लिहून दिला तिनं मला. तो मी गावभर मिरवला, आणि ज्यांच्यापुढं मिरवला त्या सगळ्यांना माहीत होतं. तात्याबानं फुकट चहा पाजला तो ह्याच्यासाठी. शरमेनं जीव जळतोय. ह्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

१७ डिसेंबर.

एसटीनं सांगलीला गेलो. वर्कशॉपात शिरलो ते थेट चंदनाच्या टेबलाशी. कागद पुढं टाकला.

"ह्यो कागद खोटा हाय. खोटं का लिवलंस?"

ती उभी राहिली. इकडं तिकडं बघितलं, मग टेबलाला वळसा घालून माझ्या जवळ आली. "उदयकाकांनी हात जोडले हो. म्हणाले, दादांनी गावात बोर्ड उतरवायची पैज लावली आहे. कान गेलाय हे असं चारचौघांत कळलं तर ते सहन करणार नाहीत. मला त्या घाटात तुमच्याकडं बघवेना काका."

"दया केलीस व्हय माझ्यावर?"

तिनं टेबलावरचा कागद उचलून हातात धरला.

"मी तुला काय काय बोललो हितं, सगळ्यांसमोर. तुझं काम तुला येत न्हाई म्हनलो. आन् तू माझ्यावर दया केलीस? अगं, खोट असलेली गाडी रस्त्यावर सोडली तर मान्सं मरत्यात, हे कळतं न्हवं तुला? मग खोट असलेला मेकॅनिक कसा सोडलास? सांगितलं न्हाईस म्हनून मी उद्या परत कुनाच्या तरी गाडीत बसलो असतो. आठ तारखेला कागद दिलास. त्येच्यानंतर पाच दिवस मी गॅरेजात लोकांच्या ब्रेकची कामं केली. आवाजावरनं."

तिचा चेहरा पांढरा पडला. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. हुशार पोरगी आहे, पण दया आली की हुशारी संपते. कामावरची माणसं हात थांबवून बघायला लागली होती. मला कुणाचीच पर्वा नव्हती.

"घे नवीन कागद," म्हटलं. "मी सांगतो ते लिव."

ती बसली. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. गाडीत दोष नाही. इंजिन, मोटर, ब्रेक, सगळं ठीक. तक्रारदार निवृत्त सुभेदार हंबीरराव यांना ऐकू येत नाही. यवतेश्वर घाटात चालू इंजिन त्यांनी स्वतः बंद केलं. आधीचा कागद रद्द. त्यांनी यापुढे गाडी तपासू नये.

शेवटच्या वाक्याला तिचा पेन थांबला. "हे कशाला काका? कानाला मशीन मिळतं."

"मिळंल तवा मिळंल. आज काय हाय ते लिव."

तिनं लिहिलं. कागद माझ्याकडं फिरवला आणि सहीची जागा दाखवली. मी पेन घेतला नाही. म्हटलं, "आदी वाचून दाव."

तिनं वाचायला सुरुवात केली. मला तिचे ओठ दिसत होते, बाकी काही नाही.

"मोठ्यानं वाच," म्हटलं.

तिनं मान वर करून सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि पहिल्यापासून वाचायला लागली. माणसं जवळ आली होती. कुणीतरी हातातला पान्हा खाली ठेवला.

मी म्हटलं, "आजून मोठ्यानं."